चून-भाकर मेनूकार्डात नसते

कुंडिनपूरच्या राजवाड्यात एका बाईने आपल्या नवऱ्याला चवीवरून ओळखलं होतं. महाभारताच्या वनपर्वात ही गोष्ट येते. द्यूतात राज्य हरलेला नळ दमयंतीला रानात सोडून गेला, त्याचं रूप पालटलं, आणि बाहुक या नावाने तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे चाकरीला राहिला. घोड्यांत आणि स्वयंपाकात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे ऋतुपर्णाचा रथ हाकत तो विदर्भाच्या राजधानीत, म्हणजे सासुरवाडीलाच आला. पण चेहरा निराळा, अंगकाठी निराळी, ओळखायचं कसं? दमयंतीने केशिनी नावाच्या दासीला त्याच्यावर नजर ठेवायला पाठवलं आणि सरतेशेवटी त्याने शिजवलेल्या मांसाचा एक तुकडा मागवून घेतला. तो जिभेवर ठेवला आणि तिला रडू फुटलं. या हातचं ती पूर्वी कितीदा तरी जेवली होती.

कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं, तिवसा तालुक्यातलं आजचं कौंडण्यपूर, असं परंपरा सांगते. वर्धा नदी इथे अमरावती आणि वर्धा या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. पलीकडे आर्वी तालुका. रुक्मिणीचं माहेर म्हणून गावाची ख्याती आहे. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षित यांनी १९६० च्या दशकात इथल्या टेकाडांचं उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनांच्याही आधीपासून माणसं इथे राहत होती हे मातीतून वर आलं. म्हणजे या काठावर चुली पेटत आल्याला दोन हजारांवर वर्षं झाली. इतक्या जुन्या गावी उतरलेल्या पाहुण्याला वाटतं, आता इथलं काहीतरी खायला मिळेल.

मिळतं, पण मागता आलं पाहिजे.

अमरावती-नागपूर महामार्गावरच्या कुठल्याही ढाब्यावर हा प्रयोग करून पाहता येतो. "जेवाले काय भेटते जी?" असं विचारलं की यादी एका दमात येते: दाल फ्राय, जिरा राईस, पनीर मसाला, काजू करी, शेवभाजी, तंदुरी रोटी. "अन् भाकर?" या प्रश्नावर मात्र पोऱ्या थांबतो, आत बघतो, आणि उत्तर येतं: "ते आंधी सांगा लागते." आत, त्याच ढाब्याच्या मागच्या बाजूला, कामावरची माणसं दुपारी स्वतः काय खातात ते पाहिलं तर ताटलीत बहुधा चून आणि भाकरच असते. मालकाचाही डबा तोच. हे विकायचं असतं, असं मात्र कोणाच्या मनात येत नाही.

याला कारणं आहेत, आणि ती हॉटेलवाल्याच्या आळसात नाहीत. पहिलं कारण गिऱ्हाईक. वऱ्हाडातला माणूस हॉटेलात जातो तो घरी होत नाही ते खायला. रोज चुलीवर होणाऱ्या चुनासाठी तो पैसे का मोजेल? दुसरं कारण भाकरीचा स्वभाव. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्याने पीठ मळायचं, एकेक थापायची, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, मग निखाऱ्यावर फुगवायची. पोळीची कणीक सकाळी मळून ठेवता येते. भाकरीचं पीठ तसं ठेवलं तर भेगाळतं. म्हणून गर्दीच्या वेळी दहा टेबलांना गरम भाकरी पुरवायची तर थापणारे सरावाचे हात लागतात, आणि ते हात बहुतेक बायकांचे, घरोघरी गुंतलेले. तिसरं कारण शेतात आहे. १९९० च्या दशकापासून सोयाबीन पसरत गेलं आणि ज्वारीचा पेरा आक्रसला. ज्या भागाचं मुख्य अन्न ज्वारी होतं, तिथेच ती आता विकत आणावी लागते. गहू स्वस्त, ज्वारी महाग अशी उलटी गत झाली आहे.

परक्या गावी खरं जेवण कुठे मिळेल हा प्रश्न इंग्रजांनाही सुटलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या खानावळींची अवस्था इतकी केविलवाणी झाली, की रेमंड पोस्टगेट या पत्रकाराने १९५१ साली 'गुड फूड गाइड' काढलं. त्याची युक्ती साधी होती: परीक्षक नेमायचे नाहीत, जेवून आलेल्या सामान्य लोकांनीच कळवायचं. फ्रान्समधलं मिशलिन गाइड त्याच्याही आधीचं, १९०० सालचं. ते तर टायर विकणाऱ्या कंपनीने काढलं, कारण लोक मोटारीने जितके फिरतील तितके टायर झिजणार. वऱ्हाडात असं पुस्तक कोणी काढलं नाही. इथे पत्ता तोंडी सांगितला जातो, आणि तोही बहुधा जागेचा नसून महिन्याचा असतो.

पण महिन्याकडे वळण्याआधी शब्द पक्के केलेले बरे. पुण्याहून आलेला पाहुणा अमरावतीत सांबारवडी मागवतो आणि इडलीबरोबरच्या आमटीची वाट पाहत बसतो. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. थंडीत ती स्वस्त होते, तेव्हा जुड्याच्या जुड्या चिरून, त्यात खोबरं-खसखस-तीळ घालून, बेसनाच्या पारीत गुंडाळून तळतात. ही पश्चिम महाराष्ट्रातल्या उकडून कापलेल्या कोथिंबीर वडीहून अगदी वेगळी चीज आहे. आत नुसतं हिरवं सारण, बाहेर पातळ कुरकुरीत पापुद्रा. टोमॅटो म्हणजे भेदरं. बटाटा म्हणजे आलू, म्हणून बटाटेवडा हा आलूबोंडा, आणि तो पावात चेपत नाहीत, कुस्करून त्यावर रस्सा किंवा कढी ओततात. चून म्हणजे पिठलं. कोकणातला माणूस हा शब्द ऐकून मोदकातलं खोबरं-गूळ डोळ्यांपुढे आणील. भुरका म्हणजे तापलेल्या तेलात लसूण आणि लाल तिखट टाकून केलेला झटपट प्रकार, भाजी नसेल त्या दिवशीचा आधार. सोले म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांतले दाणे. एवढे पाच-सहा शब्द तोंडात असले की समोरचा माणूस मेनूकार्ड बाजूला ठेवतो.

आणखी एक खूणगाठ. वऱ्हाड म्हणजे सगळा विदर्भ नव्हे. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम हा निजामाच्या मुलखातला बेरार. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. नागपूर हे भोसल्यांचं. तर्री-पोहे नागपूरचे, सावजीही नागपूरचं. सावजी हे हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण. जवसाच्या तेलातलं, भाजलेल्या मसाल्याचं. त्याच्या खानावळी नागपुरात रुजल्या आणि मग पाट्या सगळीकडे पसरल्या. आज अमरावती-अकोल्यात 'सावजी' लिहिलेल्या बऱ्याच जागी लाल तेलाच्या थराखेरीज सावजीपणाचं काही नसतं. मांसाहार न करणाऱ्याने तिथे पातोडी रस्सा मागवून पाहावा. बेसन शिजवून थापलेल्या वड्या तिखट रश्श्यात सोडलेल्या असतात, आणि रस्सा नुसताच जाळणारा आहे की त्याला भाजल्या मसाल्याचा वास आहे, हे दोन घासांत कळतं.

आता महिने. थंडी ही वऱ्हाडात जेवायची खरी वेळ. डिसेंबर लागला की तुरीच्या शेंगा बाजारात येतात आणि सोले-वांग्याची भाजी घरोघर होते. पाठोपाठ हुरडा. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. वरूड-मोर्शीच्या रस्त्यावर झाडाखाली ढीग लावून बसलेल्या बाईकडून घेतलेलं संत्रं आणि शहरात मेणाचा मुलामा देऊन ठेवलेलं संत्रं यांचं गोत्र एक, पण नातं फार दूरचं. उन्हाळ्यात आमरस आणि सरगुंडे. कणकेचे दोर काडीवर गुंडाळून वाळवलेले हे सरगुंडे शिजवून रसाबरोबर वाढतात, आणि जावयाला ते न वाढणारी सासू वऱ्हाडात अजून जन्मायची आहे. पावसाळा आला की बांधावरचा तरोटा भाजीला येतो. हे सारं हॉटेलात शोधणं म्हणजे विहिरीत मासोळी सोडून नदीत गळ टाकणं.

मग ते पाहुण्याने खायचं कुठे? यात्रेत.

चांदूरबाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते. २० डिसेंबरच्या सुमारास ती सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. महाराष्ट्रात इतक्या लांबलेल्या यात्रा थोड्या. देव बहिरमबुवा, म्हणजे भैरव. इथे पूर्वी पशुबळी मोठ्या प्रमाणावर होत. याच जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी त्याविरुद्ध लोकांना समजावलं. बळी थांबले, पण जेवण थांबलं नाही. मातीच्या हंडीत, लाकडाच्या धगीवर शिजवलेलं मटण ही बहिरमची ओळख होऊन बसली आहे. हंडीचं तोंड झाकलेलं, आच मंद, घाई अजिबात नाही. मातीचं भांडं हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळे मांस खालून करपत नाही आणि रस्सा आटत आटत अंगासरसा होतो. अमरावती, परतवाडा, अकोट, अगदी अकोल्याहून माणसं निव्वळ हंडीसाठी येतात; काहींचं देवदर्शन त्यात उरकून जातं.

आणि मटणाच्या जोडीने, किंवा शाकाहाऱ्यांसाठी मटणाऐवजी, रोडगे. रोडगे कळले की वऱ्हाड अर्धं कळलं. गहू रवाळ, जाडसर दळायचा. मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालून घट्ट कणीक मळायची. लाटी तेल लावून घड्यांवर घड्या घालत वळायची, म्हणजे भाजल्यावर आत पदर सुटतात. शेणाच्या गोवऱ्यांचा ढीग पेटवायचा; ज्वाळा बसून निखारे लाल झाले की रोडगे त्यात सोडायचे आणि उलटसुलट करत राखेत दाबायचे. हे काम बहुधा पुरुष करतात. रोडगा निघाला की फडक्यात घोळून राख झटकायची, मुठीने फोडायचा आणि तुपात बुडवायचा. पानांत गुंडाळून भाजले तर तेच पानगे. सोबत वांग्याची भाजी, मोठ्या गंजात केलेली, आणि फोडणीचं वरण. राजस्थानच्या बाटीचं हे भावंड, यात शंका नाही. पण बाटी आता उपाहारगृहात तंदूरमधून निघते. रोडग्याला अजून उघडं शेत आणि गोवऱ्यांचा धूर लागतो. म्हणूनच तो मेनूकार्डात आला नाही. मारुतीला किंवा शेतातल्या देवाला नवस बोलला, पूर्ण झाला, की झाडाखाली पंगत पडते. अशा पंगतीत वाटसरूला परत पाठवत नाहीत. "बसा ना जी" हे आमंत्रण तोंडदेखलं नसतं.

वाटसरूने दारात उभं राहून जेवावं, याचा वऱ्हाडातला एक जुना लेखी पुरावा रिद्धपूरचा आहे. मोर्शी तालुक्यातल्या या गावी तेराव्या शतकात गोविंदप्रभू राहत. महानुभाव पंथात चक्रधरांचे गुरू म्हणून त्यांना अवतार मानतात. म्हाइंभटांनी शतकाच्या अखेरीस त्यांच्या लीळा गोळा केल्या, त्यांत खाण्याचे प्रसंग पानोपानी आहेत. गोविंदप्रभू कोणाच्याही घरात शिरत, चुलीजवळ जात, जे शिजलं असेल ते घेत. जातीची शीव त्यांनी मानली नाही. आठशे वर्षांपूर्वी या मुलखात घरोघरी काय शिजत होतं हे जाणून घ्यायला त्या लीळांहून चांगलं साधन नाही. याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. त्याने पदार्थांच्या नावांचा एक कोश जरूर करावा.

शेताकडून शहराकडे आलं की मामला बदलतो. अमरावतीत खायचं ते उभ्याने, संध्याकाळी, गाडीवर. गिलावडा हा या शहराचा खास पदार्थ. डाळीचा तळलेला वडा पाण्यात भिजवून मऊ करतात, वर दही, चिंचेची चटणी, तिखट, मसाला. नाव हिंदीतल्या 'गीला'वरून, म्हणजे ओला. दहीवड्याचाच अवतार, पण दहीवडा लग्नाच्या पंगतीतला शिष्ट, तर गिलावडा चौकातला. दुसरा कच्चा चिवडा. मुरमुऱ्यांवर न तापवलेलं तेल, तिखट, मीठ, चिरलेला कांदा, भेदरं आणि भरपूर सांबार घालून हाताने कालवतात. चिवडा भाजला नाही, तळला नाही, म्हणून कच्चा. बाहेरच्याला आधी कच्च्या तेलाची कल्पना झेपत नाही. तिसऱ्या घासाला झेपते.

इथे कोणी विचारील, 'गीला' हिंदी, रोडगा राजस्थानी बाटीचा भाऊ, मग यात स्थानिक ते काय? याचं उत्तर शेगावच्या रेल्वे स्टेशनवर आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका शर्मा कुटुंबाने १९५० च्या सुमारास तिथे कचोरी विकायला सुरुवात केली. मैद्याची पारी, आत डाळीचं तिखट सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. मुंबई-हावडा मार्गावरच्या प्रवाशांनी ती गावोगाव पोचवली आणि आज 'शेगाव कचोरी' ही पाटी महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात दिसते. इंग्लंडच्या बर्मिंगहॅम शहरात १९७० च्या दशकात पाकिस्तानातून, काश्मीरच्या तिकडच्या भागातून आलेल्या लोकांनी पातळ पोलादी कढईत झटपट शिजवून त्याच कढईत वाढायची 'बाल्टी' सुरू केली. आज त्या शहराचं खास जेवण विचारलं तर लोक तेच नाव घेतात. लिव्हरपूलचा 'स्काउस' हा तर खलाशांचा रस्सा, उत्तर युरोपच्या बंदरांतून आलेला, आणि शहरातल्या माणसांना नावच पडलं स्काउसर. पदार्थ कुठून आला यापेक्षा तो कोणाच्या भुकेला लागला, हे स्थानिकपणाचं खरं माप आहे. शेगावच्या कचोरीला या मापाने वऱ्हाडी म्हणायला हरकत नसावी.

त्याच शेगावात दुसरं टोकही दिसतं. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला भक्त जो नैवेद्य करतात त्यात झुणका-भाकर आणि अंबाडीची भाजी असते, कारण महाराजांना हेच साधं अन्न आवडे अशी श्रद्धा आहे. ढाब्यावर ज्याला किंमत नाही, ते देवघरात ताटात मानाने विराजमान. अकोल्यातही वर्षातून एकदा या अन्नाला दिवस येतात. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तिथे १९६९ पासून आहे. देशाच्या पहिल्या काही कृषिमंत्र्यांपैकी एक असलेल्या पंजाबरावांचा जन्मदिवस २७ डिसेंबर, आणि त्या सुमाराला कृषी प्रदर्शनं भरतात. ट्रॅक्टर आणि बियाण्यांच्या मांडवांच्या कडेला महिला बचत गटांच्या चुली असतात. कळण्याची भाकर, चून, ठेचा, सोले-वांगे. रांग ट्रॅक्टरपाशी कमी आणि इथे जास्त.

पुन्हा कौंडण्यपूर. वर्धा नदीवर वरच्या अंगाला, मोर्शीजवळ सिंभोऱ्याला धरण आहे. त्याच्या जलाशयाचं सरकारी नाव नल-दमयंती सागर. पाटबंधारे खात्यातल्या ज्या कोणी हे नाव सुचवलं, त्याला वनपर्व ठाऊक असावं. त्या पाण्यातली मासोळी आसपासच्या बाजारांत येते.

गावात मात्र एरवी चहा, फराळाचं आणि प्रसादाचं मिळतं. गाव भरतं दोन वेळा. आषाढीआधी रुक्मिणीची पालखी इथून पंढरपूरला पायी निघते. ही परंपरा चारशेहून अधिक वर्षांची सांगतात, आणि राज्यातल्या सर्वांत जुन्या पालख्यांत तिची गणना होते. वाटेवरची गावं दिंडीला जेवू घालतात. कोणत्या गावी भाकर, कोणत्या गावी पोळी, कुठे वांगं आणि कुठे फोडणीचं वरण, हे जुन्या वारकऱ्यांना तोंडपाठ असतं. दुसरी वेळ कार्तिकातल्या यात्रेची. तेव्हा नदीकाठी राहुट्या पडतात, तीन दगडांच्या चुली मांडल्या जातात, आणि संध्याकाळी धुराबरोबर लसणाच्या फोडणीचा वास नदीपार जातो.

या दोन वेळा साधणार नसतील तर एक उपाय उरतो. अमरावतीहून निघण्याआधी, आदल्या दिवशी, वाटेवरच्या एखाद्या साध्या खानावळीत निरोप द्यावा: किती माणसं, किती भाकरी, चून पातळ की घट्ट, आणि ठेचा हवा की नको. 'आंधी सांगा लागते' हे नकारार्थी उत्तर नव्हे. ती पद्धत आहे. आणि पोचायला उशीर करू नये, थापलेली भाकर थांबत नाही.